नांगर आणि नियतकालिक : ‘किर्लोस्कर खबर’चा उद्योग-ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील औद्योगिकीकरणाचा इतिहास लिहिताना भांडवल, यंत्रसामग्री व बाजारपेठ या घटकांचा विचार प्रामुख्याने केला जातो. उद्योजकाने चालविलेल्या नियतकालिकाकडे मात्र एकतर जाहिरात म्हणून दुर्लक्ष होते किंवा वाङ्मयेतिहासाचा विषय म्हणून ते बाजूला ठेवले जाते. १९२० मध्ये किर्लोस्करवाडी येथून सुरू झालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे या दोन्ही क्षेत्रांच्या सीमेवरील उदाहरण आहे. नियतकालिकाने उद्योग वाढविला की उद्योगाने नियतकालिक, या प्रश्नाचा येथे परामर्श घेण्यात आला आहे.

पार्श्वभूमी :
लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगाव येथे सायकलींच्या दुकानापासून व्यवसायास प्रारंभ केला. कडबा कापण्याचे यंत्र व त्यानंतर लोखंडी नांगर ही त्यांची आरंभीची उत्पादने होत. लोखंडामुळे जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांमध्ये असल्याने नांगराला प्रारंभी गिऱ्हाईक मिळेना. ही अडचण मालाच्या दर्जाची नव्हती, विश्वासाची होती. बेळगावची जागा सोडावी लागल्यानंतर औंध संस्थानच्या अधिपतींनी आश्रय दिला आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली.

नियतकालिकाचा उदय :
१९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविणे हा त्यामागील मूळ हेतू होता. अशी कल्पना जगात सर्वस्वी नवी नव्हती. अमेरिकेत नांगर बनविणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्येच ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले होते. तथापि, दोन्ही ठिकाणची परिस्थिती भिन्न होती. १९२१ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. त्यामुळे नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याने स्वतः अंक वाचून खरेदीचा निर्णय घेतला, असे सरसकट मानणे धाडसाचे ठरेल. गावातील शिक्षक, व्यापारी, सुशिक्षित जमीनदार अशा मध्यस्थ वाचकांमार्फत ही माहिती खाली झिरपली असावी, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते.

श्रेयाचा प्रश्न :
उद्योगवाढीचे श्रेय नियतकालिकाला देताना कालक्रमाचे भान ठेवणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१९१८) परदेशी मालाची आवक रोडावली व देशी नांगराला संधी मिळाली. म्हणजेच ‘खबर’ निघण्यापूर्वीच नांगराने आपले स्थान मिळविले होते. नियतकालिकाने मागणी निर्माण केली, असे म्हणण्यापेक्षा मिळालेली मागणी टिकविण्यास व ‘किर्लोस्कर’ हे नाव घरोघरी परिचित करण्यास त्याने साहाय्य केले, असे म्हणणे इतिहासाला धरून होईल.

जाहिरातीपलीकडे :
कालांतराने ‘खबर’ हा शब्द गळाला आणि ‘किर्लोस्कर’ हे सर्वसामान्य वाचकांचे मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला लाभली. वि. दा. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध ‘किर्लोस्कर’मधून प्रसिद्ध झाले, स्त्रियांच्या प्रश्नांची चर्चा ‘स्त्री’ने केली. रूढींवर प्रहार करणारा मजकूर रूढिप्रिय ग्राहकाला दुखावण्याची शक्यता होती. केवळ विक्री हेच साध्य असते, तर असा धोका पत्करण्याचे प्रयोजन नव्हते. मात्र लोखंडी नांगराला विरोध करणारा समज आणि सामाजिक रूढी यांचे मूळ एकाच मनोवृत्तीत होते. त्यामुळे विचारप्रबोधन व यंत्रप्रसार ही कार्ये परस्परपूरक ठरली.

निष्कर्ष :
‘किर्लोस्कर खबर’ची वाटचाल पाहता, उद्योजकाचे लेखन बाजारपेठेची जागा घेऊ शकत नाही, परंतु बाजारपेठेला आवश्यक असणारा विश्वास जोपासू शकते, असे दिसते. हा विश्वास मालाच्या स्तुतीने नव्हे, तर वाचकाच्या उपयोगी पडणाऱ्या मजकुराने दृढ होतो. लघुउद्योगांच्या इतिहासलेखनात हिशेबाच्या वह्यांबरोबरच अशा छापील पानांचाही साधन म्हणून चिकित्सक विचार होणे अगत्याचे आहे. अन्यथा कारखान्याचा इतिहास उरेल, पण त्याने घडविलेला वाचक त्यातून निसटून जाईल.