बोरू ते बॉलपेन : परीक्षेच्या लेखणीचा इतिहास

दहावीची परीक्षा तोंडावर आली की घरोघरी एक प्रश्न हमखास विचारला जातो : पेन कोणते घ्यावे? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु लेखणी आणि परीक्षा यांचे नाते तपासू गेल्यास त्यामागे आपल्या शिक्षणाचा बराच इतिहास दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

मुळात आपली जुनी परीक्षा लेखी नव्हतीच. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षरे गिरवली जात, पण कसोटी लागे ती पाठांतराची आणि परवच्याची. पेशवाईत पुण्यास श्रावणमासी दक्षिणेसाठी जमणाऱ्या शास्त्रीपंडितांची पारखही तोंडीच होई. परीक्षा देणारा कोण, कोणाचा, हे परीक्षकाला समोर दिसत असे. आणि त्या दारात पाऊल टाकण्याचा अधिकार एकाच वर्णाला होता.

लेखणीची खरी सत्ता होती ती दफ्तरात. काजळ डिंकाच्या पाण्यात खलून केलेली शाई, तासून तिरका छेद दिलेला बोरू आणि ओली अक्षरे टिपण्यासाठी बारीक वाळू, हा कारकुनाचा सरंजाम. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरे तिला टांगत जायचे. ही वेगाची लिपी. बालबोध मात्र सावकाशीने, एकेक अक्षर सुटे काढून लिहायची. बोरूच्या तिरक्या छेदामुळे देवनागरीच्या रेषेला जाडबारीकपणा आपोआप येतो. ‘कित्ता गिरवणे’ आणि ‘बोरूबहाद्दर’ हे शब्दप्रयोग बोरू हातातून गेल्यावरही भाषेत टिकले, ते उगाच नव्हे.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. ठरावीक वेळ, कोरा कागद आणि अनोळखी परीक्षक, ही चौकट येथून रुजत गेली. त्याच सुमारास बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबे जगभर जात होती. लाकडी दांडीला निब बसवलेला टाक आणि बाकाच्या खळग्यातली दौत ही शाळेची ओळख बनली. मात्र टोकदार निब हे इंग्रजी वळणासाठी घडलेले होते. त्याने वेगाने लिहिता येई, पण बालबोधीचे वळण साधत नसे. म्हणून कित्त्याच्या तासाला बोरू आणि इतर तासांना टाक, अशी विभागणी पुढे कित्येक वर्षे चालली. अक्षर एका लेखणीने शिकायचे आणि परीक्षा दुसरीने द्यायची, ही विसंगती तेव्हापासूनची आहे.

टाक दर दोन-चार शब्दांनी दौतीत बुडवावा लागे. ही अडचण फाउंटन पेनने दूर केली. वॉटरमन यांनी १८८४ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या पेनात शाई केशाकर्षणाने बेताबेताने उतरे. आपल्याकडे ते दीर्घकाळ प्रतिष्ठितांच्या खिशाला लावायचे भूषण होते. सर्वसामान्यांच्या हाती ते पोचण्यात स्वदेशी शाईचा मोठा वाटा आहे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या करावयास सुरुवात केली. पुढे ‘कॅमल’ शाई निघाली. बंगालात १९३४ साली ‘सुलेखा’ सुरू झाली.

मग आले बॉलपेन. लाझलो बिरो या हंगेरियन पत्रकाराने १९३८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे ते स्वस्त झाले तरी अनेक शाळांनी त्यावर बंदी घातली होती. ‘बॉलपेनने अक्षर बिघडते’ हे शिक्षकांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. त्याची शाई घट्ट असते, गोळी फिरण्यासाठी हाताला जोर लावावा लागतो आणि तीन तासांच्या लेखनात बोटे आखडतात. पण शाई सांडत नाही, निब वाकत नाही, आणि गरीब घरातल्या मुलाला ते परवडते. बंदी सैल होत गेली तेव्हा सुलेखनाचा पराभव झाला असे काहींना वाटले. आमच्या मते परीक्षा थोडी अधिक समान झाली. १९८४ साली जपानच्या साकुरा कंपनीने आणलेल्या जेल शाईने हात हलका केला; मात्र ही शाई लवकर संपते, आणि पाण्यात विरघळणारी असेल तर मार्चच्या घामाने अक्षरावर पसरते.

आज बोर्ड निळी किंवा काळी शाई मागते. हा नियम पुष्कळांना निव्वळ कारकुनी वाटतो. पण उत्तरपत्रिकेवर नाव नसून क्रमांक असतो, त्याच्याच जोडीने हा नियम वाचायला हवा. वेगळ्या रंगाने लिहिणारा विद्यार्थी ओळखू येऊ शकतो. दक्षिणेच्या परीक्षेत माणूस दिसत होता. येथे तो दिसू नये, अशी अपेक्षा आहे.

ती पुरती सफल होत नाही, कारण अक्षर दिसतेच. गठ्ठ्यातला एखादा सुवाच्य पेपर परीक्षकाच्या मनाला सुखावतो आणि ज्ञानाशी संबंध नसलेला अर्धा गुण पदरात पडू शकतो. वेळ अपुरा पडला की मुले आधी शिरोरेखा सोडतात. मोडीच्या कारकुनाने जी रेघ सर्वांत आधी ओढली, तीच आज सर्वांत आधी गळते. शिरोरेखा नसलेल्या उत्तराचे गुण कापण्यापूर्वी त्या मुलाच्या हाती किती मिनिटे होती, हे परीक्षकाने आठवावे.

मग पेन कोणते घ्यावे? जे महिनाभर आधीपासून हातात आहे, ज्यावर जोर द्यावा लागत नाही, ज्याची शाई चटकन वाळते, ते. टोक फार जाड नको, नाहीतर जोडाक्षरांची पोटे भरून जातात. त्याच जातीची दोन पेने न्यावीत आणि आकृत्यांसाठी पेन्सिल. पालकांनी आदल्या दिवशी महागडे नवे पेन भेट देण्याचा मोह टाळावा. ते निकालानंतरही देता येईल.