चुकाऱ्याचा चेक आणि कलम 131

हिंगोलीत मुक्त विद्यापीठाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हा घरबसल्या पुस्तकं मागवून परीक्षा देणारी एक जमात इथे होती. ती म्हणजे आम्ही, बँकेतले कारकून. मी 1979 साली हैदराबाद बँकेत चिकटलो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा व्हायला 1 मे 1999 उजाडावा लागला. लागल्या लागल्या मला सल्ला मिळाला, "बी.कॉम. झालास ना? आता सीएआयआयबी दे. लग्नाआधी दे, नंतर होत नाही."

ही परीक्षा घेणारी संस्था मुंबईची, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स. लंडनला अशी संस्था 1879 पासून होती, तिच्याच धर्तीवर मुंबईत 1928 साली ही निघाली. वर्ग नाही, मास्तर नाही. नोकरी करायची, पुस्तकं वाचायची आणि परीक्षेला बसायचं. मुंबई इलाख्यातले कारकून तिच्या परीक्षांना बसू लागले, तेव्हा आमचा मुलूख निजामाकडे होता. इथे चलन हाली शिक्क्याचं, कारभार उर्दूत. आमच्या बँकेचा जन्मही तिथलाच: 1941 चा हैदराबाद स्टेट बँकेचा कायदा. निजामाची राजवट 1948 साली गेली, 1956 साली बँक 'स्टेट बँक ऑफ हैदराबाद' झाली. पण जुनी माणसं जुन्या वळणाचीच राहिली. आमचे हेड कॅशियर उर्दू शाळेत शिकलेले. नोटांची थप्पी हातात घेतली की खोटी नोट बोटांना कळायची. परीक्षेचा विषय निघाला की म्हणायचे, "आमचं इंग्रजी व्हाउचरपुरतं, बाबा."

1969 साली 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, खेड्यापाड्यांत शाखा निघाल्या आणि पहिल्यांदाच बँकेत शिरणारी पोरं भराभर लागली. त्यांना ही परीक्षा हवी होती ती पगारवाढीसाठी. पहिला भाग सुटला की एक इन्क्रिमेंट, दुसरा सुटला की आणखी दोन. ज्ञानासाठी अभ्यास करतो असं म्हणणारा मला तरी भेटला नाही.

संध्याकाळी कॅश जुळली, लेजरचा ताळा बसला की मगच टॅननचं बँकिंग कायद्याचं जाडजूड पुस्तक उघडायचं. नांदेडला परीक्षेला जाताना एसटीत कळमनुरी, वारंगा फाटा, अर्धापूर अशी गावं मागे पडत आणि मी 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टची कलमं पुटपुटत असे. शेजारचा प्रवासी मला स्तोत्र म्हणणारा समजला असावा.

त्यातलं कलम 131 मला काउंटरवरच भेटलं. कापूस एकाधिकार खरेदी योजना 1972 पासून सुरू होती. शेतकरी सरकारी केंद्रावर कापूस घालायचा आणि चुकाऱ्याचा चेक घेऊन आमच्याकडे यायचा. सेनगावकडचे एक आजोबा आले. चेकवर दोन तिरप्या रेघा, रेघांमध्ये 'अकाउंट पेयी'. आजोबांचं खातं नव्हतं. बरोबरच्या गृहस्थांनी सुचवलं, "माझ्या खात्यात टाका, मी देतो त्यांना." जुना शिरस्ता असा की नुसतं 'नाही' म्हणायचं आणि पुढच्याला बोलवायचं. आजोबा म्हणाले, "का नाही? चेक माझाच हाय ना?"

परीक्षेत हाच प्रश्न दहा मार्कांना असे. रेघा मारलेला चेक बँकेने सद्भावनेने आणि हयगय न करता आपल्या खातेदारासाठी वसूल केला, तर त्या खातेदाराचा चेकवरचा हक्क सदोष निघाला तरी 131 बँकेला वाचवतं. पण एकाच्या नावाचा चेक दुसऱ्याच्या खात्यात घातला, तर ती उघड हयगय; मग खरा मालक बँकेवर दावा लावू शकतो. मी म्हणालो, "आजोबा, या रेघा तुमच्यासाठीच आहेत. पैसे तुमच्याच नावावर पडावेत, वाटेत कुणी खाऊ नयेत म्हणून. खातं काढू, ओळख द्यायला एखादा खातेदार आणा." खातं काढताना ओळख मागायची तीही ह्याच कलमाच्या धाकाने, हे मलाही पुस्तकातूनच उमगलं होतं. आजोबा ओळखीच्या खातेदाराला घेऊन आले, अंगठा उठवला, खातं निघालं. बरोबरचे गृहस्थ मात्र कधीच निघून गेले होते.

पुढे दूरशिक्षणाला प्रतिष्ठा आली. 1985 साली इग्नू, 1989 साली नाशिकला राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. बँकर्सच्या संस्थेने इग्नूशी हात मिळवला आणि सीएआयआयबी झालेल्यांसाठी बँकिंग-वित्त विषयातलं एमबीए निघालं. कारकुनी परीक्षेच्या पायरीवरून थेट पदव्युत्तर पदवी. संस्थेच्या नावातही आता 'फायनान्स' आलं, पेपर संगणकावर गेले, टॅननच्या जागी मोबाइल आला. आमची बँकही 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँकेत विलीन झाली.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. परीक्षा इंग्रजीत देता येते, हिंदीत देता येते, मराठीत नाही. हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात हळदीचे सौदे मराठीत होतात, भांडणंही मराठीत. माझ्या पगारातली ती इन्क्रिमेंट मी केव्हाच खाऊन बसलो, पण "का नाही?" असं विचारणाऱ्याला त्याच्या भाषेत उत्तर द्यायला शिकलो, ते वर्गात नव्हे, टपालाने आलेल्या अभ्यासक्रमातून आणि काउंटरवर. हे शिकवणारा पेपर मराठीत काढला, तर नव्या पोरांचे निम्मे कष्ट वाचतील आणि गिऱ्हाइकांचे सगळे.