जवळची प्रत, शिळी प्रत

नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या आणि पाठ बदलत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी तो पाठ शुद्ध केला. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या शिक्षकांना ही हकीकत नवी नाही. नकलेवर विश्वास कधी ठेवावा, हाच पेच पुढे संगणकातही उभा राहिला.

मुख्य स्मृती प्रक्रियकाच्या मानाने संथ असते. म्हणून लागणाऱ्या माहितीची नक्कल एका छोट्या पण जलद स्मृतीत ठेवावी, असे केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली सुचवले. त्यांनी तिला 'दास स्मृती' म्हटले. १९६८ मध्ये आयबीएमच्या ३६०/८५ या संगणकाबरोबर 'कॅश' हे नाव रूढ झाले. शब्द फ्रेंच, मूळ अर्थ लपवणे. रोकडीशी त्याचा संबंध नाही, हे वर्गात सांगावेच लागते.

आज्ञावल्या बांधण्याच्या कामातही झालेले काम पुन्हा वापरण्याची युक्ती आली. बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांची १९७६ सालची 'मेक' ही आज्ञावली फाइलींच्या वेळा पाहते. मूळ फाइल नंतर बदलली असेल तरच तेवढा भाग पुन्हा बांधते. पण घड्याळ चुकले की निर्णयही चुकतो! ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांच्या 'सीकॅश'ने (२००२) फाइलीच्या वेळेऐवजी मजकुराचा ठसा वापरला. ठसा म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली संख्या. एक अक्षर बदलले तरी ती बदलते.

स्वयंचलित चाचण्यांत मात्र कॅश सामायिक केली की खरा घोळ होतो. आम्ही एकदा वेळ वाचवण्यासाठी सगळ्या चाचण्यांना एकच तात्पुरता साठा दिला. पहिल्या चाचणीने ठेवलेले उत्तर दुसरीने उचलले. तिच्या आज्ञावलीत चूक होती, तरी ती उत्तीर्ण! ती एकटी चालवली तेव्हा नापास झाली. तोवर त्या आज्ञावलीचे आकडे आम्ही दोन आठवडे वापरले होते. ते सगळे गणित पुन्हा करावे लागले.

ज्ञानेश्वरीचे मूळ हस्तलिखित आज उपलब्ध नाही. संगणकात मूळ माहिती हाताशी असते, म्हणून आमचे काम सोपे. आता प्रत्येक फेरी रिकाम्या साठ्याने सुरू होते, फेरी संपली की साठा पुसला जातो, आणि त्यात लिहिणाऱ्या चाचण्यांना स्वतंत्र कप्पे असतात. आठवड्यातून एकदा सर्व चाचण्या कॅशशिवाय, उलट्या क्रमाने चालवतो. त्या रात्री यंत्र पहाटेपर्यंत चालते.