बिनतारी थर्मोस्टॅट : जोडणी आणि दोषनिवारण

खोलीचे तापमान ठरावीक अंशावर राखण्यासाठी उष्णता किंवा गारवा देणारी यंत्रणा सुरू व बंद करणाऱ्या उपकरणास थर्मोस्टॅट म्हणतात. अमेरिका व कॅनडामध्ये कडाक्याच्या थंडीत ते बंद पडल्यास नळांतील पाणी गोठून जलवाहिन्या फुटण्याचा धोका असतो. घरातील स्वयंचलित यंत्रणेशी जोडलेल्या बिनतारी थर्मोस्टॅटमध्ये बिनतारी असतो तो बहुधा केवळ हबशी किंवा मोबाइलशी होणारा संवाद. फर्नेसला आज्ञा मात्र तारेतूनच जाते. हा भेद ध्यानात ठेवल्यास दोष शोधणे सुकर होते.

उपकरण बसवण्यापूर्वी फर्नेसचा वीजपुरवठा बंद करावा आणि जुन्या तारांचे छायाचित्र घ्यावे. मध्यवर्ती फर्नेसच्या नियंत्रण तारांमध्ये सहसा २४ व्होल्टचा प्रवाह असतो. 'आर' तार वीज आणते. 'डब्ल्यू' उष्णतेची, 'वाय' गारव्याची, तर 'जी' पंख्याची आज्ञा पोहोचवते. 'सी' तारेमुळे उपकरणास अखंड वीज मिळते. अनेक जुन्या घरांत ही तार नसते. तेथे बॅटरीवर चालणारे उपकरण अथवा स्वतंत्र अडॅप्टर वापरावा लागतो. जाड तारांतून १२० किंवा २४० व्होल्टचा प्रवाह येत असल्यास २४ व्होल्टचे थर्मोस्टॅट त्यास कदापि जोडू नये.

पडदा काळा पडल्यास दोष विजेचा समजावा. बॅटरी, फर्नेसचा सर्किट ब्रेकर आणि फर्नेसचे झाकण तपासावे. झाकण नीट न बसल्यास सुरक्षा स्विच अनेकदा वीज तोडतो.

पडदा सुरू असूनही मोबाइलवर उपकरण दिसत नसल्यास दोष संपर्काचा असतो. झिगबी आणि बहुतेक वाय-फाय थर्मोस्टॅट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. झेड-वेव्हची वारंवारता देशागणिक बदलते : अमेरिकेत ९०८.४२, तर भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ. त्यामुळे अमेरिकेतून आणलेले झेड-वेव्ह उपकरण भारतातील हबशी जुळत नाही. अंतर अधिक असल्यास विजेवर चालणारे त्याच प्रणालीचे उपकरण मध्ये बसवावे. बॅटरीवरील उपकरणे सहसा संदेश पुढे पाठवत नाहीत. पूर्वी दुसऱ्या हबशी जोडलेले झेड-वेव्ह उपकरण आधी त्या जोडणीतून वगळावे लागते.

तापमान चुकीचे दिसत असल्यास जागा तपासावी. थेट ऊन, स्वयंपाकघराची उष्णता किंवा भिंतीतील तारांच्या छिद्रातून येणारी हवा उपकरणाची दिशाभूल करते.

गूगलने २५ ऑक्टोबर २०२५ रोजी नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांतील थर्मोस्टॅटचे साहाय्य थांबवले. मोबाइलवरून त्यांचे नियंत्रण संपुष्टात आले. भिंतीवरील उपकरणावर तापमान ठरवण्याची सोय मात्र कायम राहिली. म्हणूनच खरेदीपूर्वी, इंटरनेट बंद असतानाही उपकरण घर उबदार ठेवू शकते किंवा कसे, याची खातरजमा करून घेणे हिताचे ठरते.