लुगडे कोणी विणले?

मंडळी, गेल्या लग्नसराईत तुम्ही जे लुगडे घेतले, ते कोणी विणले, ठाऊक आहे का? दुकानदाराचे नाव तुम्ही चटकन सांगाल. विणणाऱ्याचे? तिथे आपण सारेच गप्प. पण कापड घेणारा आणि कापड विणणारा एकमेकांना ओळखतात, असे गाव आपल्या इतिहासात आहे. ते नर्मदाकाठचे महेश्वर. गाव मध्य प्रदेशात, पण त्याला नावारूपास आणणारी बाई आपल्या चौंडीची.

अहिल्याबाई होळकरांचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. पुढे सासरे मल्हारराव गेले, मुलगा मालेरावही गेला आणि १७६७ साली कारभार बाईंच्या हाती आला. त्यांनी महेश्वर ही राजधानी केली. घाट बांधले, देवळे बांधली. ते तुम्ही शाळेत शिकलाच आहात. पण नुसत्या घाटांनी गाव जगत नाही. तिथे माणसांच्या हाताला काम लागते. म्हणून बाईंनी बुऱ्हाणपूर, सुरत अशा दूरच्या गावांहून विणकर आणून वसवले, असे सांगतात. पाहुण्यांना द्यायची लुगडी आणि पागोटी याच मागांवर विणली जात. बाई स्वतः साधे पांढरे वस्त्र नेसत, आणि गावच्या विणकरांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक मात्र त्यांचाच दरबार! मला तर यात त्यांचे शहाणपण घाटांपेक्षाही जास्त दिसते.

महेश्वरीची खूण सांगतो, शिक्षकांनी मुलांना जरूर दाखवावी. किल्ल्याच्या दगडांवरील नक्षी काठात उतरलेली असते : वीट, चटाई, हिरा, चमेलीचे फूल. काठ दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून लुगडे उलटसुलट कसेही नेसता येते. पूर्वी ते सुतीच असे. आता बहुधा उभा धागा रेशमी आणि आडवा सुती. अस्सल हातमागाच्या कापडात, माग चालू असताना कापड ताणून धरणाऱ्या काठीच्या टोचण्यांची बारीक भोके काठाशी दिसतात. ती दिसली म्हणून तोंड वाकडे करू नका, बरं का!

१७९५ साली बाई गेल्या. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई होळकर हरले. पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला गेली. दरबार उठला की दरबाराचे गिऱ्हाईकही उठते. १८५४ साली मुंबईत कापडगिरणीचा पाया पडला, आणि पुढे गिरणीचे स्वस्त कापड बाजारोबाजारी पोचले. स्वस्त कापड गरिबाच्या अंगावर आले, हे वाईट कसे म्हणावे? पण विणकर मोडला, हेही तितकेच खरे. जो टिकला, तो बहुतेक ठिकाणी व्यापाऱ्याच्या सुतावर टिकला. सूत त्याचे, नमुना त्याचा, भावही त्याचाच. विणकराच्या पदरी फक्त मजुरी. माग घरचा असूनही माणूस घरचा धनी राहिला नाही.

महेश्वरात १९७९ साली होळकर घराण्यातले रिचर्ड होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी रेहवा सोसायटी काढली. रेवा म्हणजे नर्मदा, त्यावरून नाव. सुरुवात थोड्याच मागांनी झाली, आणि त्यांवर बसल्या बायका. कांड्या भरण्याचे काम बायकांचे आणि माग पुरुषाचा, ही जुनी रीत तिथे बदलली. माल थेट गिऱ्हाइकाकडे जाऊ लागला. पुढे १९८५ साली संसदेने कायदा करून काही जातींचे कापड हातमागासाठी राखून ठेवले. तरी यंत्रमागावरची नक्कल बाजारात येतेच, आणि ती स्वस्त असते.

तेव्हा महेश्वरी महाग का, असे विचारलेत तर उत्तर मागापाशी सापडते. उभे धागे मोजून ताणायचे, फणीतून एकेक ओवायचे, मग धोटा हाताने फेकायचा. एका लुगड्यामागे दिवसच्या दिवस जातात. घाटावरून किल्ल्याकडे चढताना आजही तुम्हांला मागांची खटखट ऐकू येईल. आत डोकावून विचारा. विणणारी बाई मान वर न करता आधी चालू ओळ पुरी करील, आणि मग भाव सांगेल.