पर्वतीच्या पायथ्याशी गेंडा

कात्रजहून नळानं येणाऱ्या पाण्याच्या एखाद्या हौदापाशी उतरा. तिथं सकाळपासून इतकी गर्दी असते की एक अनोळखी माणूस वाढला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. शके १७१२, साधारण संवत्सर, कार्तिक महिना. इंग्रजी हिशेबानं नोव्हेंबर १७९०. अंगावर साधं सुती काहीही चालेल, डोकं मात्र झाका. पुण्यात उघड्या डोक्यानं फिरलात तर घरी कुणी गेलं का, असं दहा जण विचारतील. कनवटीला चार शिवराया असू द्या. चहा मिळणार नाही, तेव्हा त्याची आठवण आत्ताच काढून घ्या.

हौदावर दोन दिवस थांबलात तर सगळं राजकारण कळेल. परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांची पलटण सोबत घेऊन धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेत, टिपूची खोड मोडायची आहे, पाटीलबावांनी, म्हणजे महादजी शिंद्यांनी, उत्तरेत राजपुतांना लोळवलं आहे. पण तुम्ही त्यासाठी आलेला नाही. तुम्ही नैर्ऋत्येला चालू लागा. टेकडीवरचं देवदेवेश्वराचं देऊळ लांबूनच दिसतं, त्यामुळे वाट विचारायची गरज नाही. पेठ संपली की आंबील ओढ्याचं पाणी अडवून केलेलं तळं लागेल, त्यातल्या बेटावर सहा वर्षांपूर्वी श्रीमंत पेशव्यांनी बसवलेला गणपती. होडीत बसायचा मोह होईल. होऊ दे, बसू नका. दिवस लहान आहेत.

पेशव्यांचा शिकारखाना डोळ्यांआधी नाकाला कळतो. वाघांचा उग्र वास, त्यात ओल्या कडब्याचा, त्यात शेणाचा. आत सिंहही आहे, पण तो पाय पसरून झोपला आहे आणि सिंहाची झोप कुठल्याही शतकात सारखीच. सवाई माधवराव सोळा वर्षांचे आहेत. कारभार नाना फडणवीस बघतात, त्यामुळे जनावरांचा नाद पुरवायला श्रीमंतांना वेळ भरपूर. वाद्यांच्या आवाजावर जवळ येणारी माणसाळलेली हरणं त्यांनी पाळली आहेत. साहेबलोकांना त्याचं फार कौतुक. मला विचाराल तर हरणांपाशी थांबू नका. सरळ पुढं जा.

तो तिथं उभा आहे.

पहिल्यांदा तो मोठा वाटत नाही, बुटका वाटतो. मग शेजारी उभ्या राखणदाराशी मनातल्या मनात तुलना करता आणि पोटात हलकंसं काहीतरी होतं. खांद्यापाशी आणि मांडीवर कातड्याच्या अशा जाड घड्या की जणू कुणी दुसऱ्या, मोठ्या जनावराचं कातडं याला बेतून न घेता चढवलं आहे. घडीच्या आत, जिथं ऊन पोचत नाही, तिथं रंग गुलाबी. पाठीमागच्या भागावर बारीक बारीक गाठी. कानांच्या टोकांना केसांच्या झालरी, आणि दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात, तुमच्याकडे एक, राखणदाराकडे एक. डोळा मात्र एवढासा, आणि तोही भलताच खाली बसवलेला.

"पुढं जाऊ नका," राखणदार म्हणतो. "त्याला दिसतं कमी. पण ऐकू सगळं येतं. तुम्ही आलात ते तुमच्या आधी त्याला कळलं."

नाव काय याचं, असं तुम्ही विचारता.

"नाव कशाला? पुण्यात गेंडा म्हटलं की हा एकच."

उत्तर बिनतोड आहे. हे तराईतल्या, आसामकडच्या दलदलीतलं, पुरुषभर उंच गवतातलं जनावर. चिखलात लोळणं हा त्याचा छंद नव्हे, गरज आहे. अंग थंड राहतं आणि माश्या-गोमाश्या चावत नाहीत. इथं पर्वतीच्या मुरमाड जमिनीवर त्यासाठी पाणी ओतून खड्डा केलेला दिसतो. राखणदार उसाचं कांडं पुढं करतो. गेंड्याचा वरचा ओठ बोटासारखा पुढं येतो, कांडं गुंडाळून घेतो आणि मग फक्त दाढांचा आवाज. शेण तो रोज ठरलेल्या जागीच टाकतो, असं राखणदार अभिमानानं सांगतो. एवढी शिस्त आमच्या पेठेत नाही, हेही सांगतो.

आता त्या राखणदारामागच्या पहारेकऱ्याच्या पाठीवरची ढाल बघा. काळी, गुळगुळीत, चार फुल्यांची. उत्तम ढाल गेंड्याच्याच कातड्याची. त्याच्या शिंगाचं पात्र तर्पणाला पवित्र. म्हणजे या शहरात गेंडा पूर्वीपासून आहे, फक्त आजवर तो तुकड्यातुकड्यांनी आला होता. सबंध, श्वास घेणारा, असा बहुतेकांनी पाहिलेला नाही.

आणि म्हणून त्या कोपऱ्यात, मांडीवर फळी घेऊन बसलेल्या माणसाकडे बघा. खरं तर त्याच्यासाठीच मी तुम्हाला इथं धाडलं. हा गंगाराम तांबट. संगमावरचे इंग्रज वकील मॅलेट त्याच्याकडून चित्रं काढून घेतात. पुढं तो वेरूळच्या लेण्यांची चित्रंही काढील. आज मात्र गेंडा.

त्याच्याशी बोलू नका, नुसते मागं उभे राहा. तो कागदाकडे कमी बघतो, जनावराकडे जास्त. पोटाची रेघ आधी, मग खांद्याची घडी, मग थांबतो. गेंडा वळला की तोही बूड उचलून दोन हात सरकतो. घडी नेमकी कुठं संपते, हे त्याला पक्कं करायचं आहे.

तुम्हाला इथं चित्रकार ड्यूररची आठवण यावी. १५१५ साली गुजरातच्या सुलतानानं भेट दिलेला गेंडा गोव्याहून जहाजानं लिस्बनला गेला. न्यूरेंबर्गच्या ड्यूररनं तो कधी पाहिला नाही. कुणीतरी केलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन एवढ्यावर त्यानं लाकडी ठसा कोरला. अंगावर चिलखताच्या पट्ट्या, पायांना खवले, आणि मानेच्या मागं, पाठीवर, एक जादा शिंग. चित्र इतकं देखणं की युरोपानं दोनशेहून अधिक वर्षं तेच खरं मानलं. जिवंत गेंडे तिथं येऊन गेले तरी काहींच्या चित्रांत ते पाठीवरचं शिंग उगवतच राहिलं. ड्यूरर थोर होता, त्याबद्दल वाद नाही. पण या शिकारखान्यात बसलेल्या माणसाची त्याच्यावर एका बाबतीत मात आहे: गेंडा पलीकडे उभा आहे आणि मान वर केली की दिसतो.

"ऊन अडवताय," गंगाराम मागं न बघता म्हणतो. "जरा इकडं व्हा."

तुम्ही इकडं होता. गेंडा फुरफुरतो, एक पाय उचलतो, आणि गंगाराम घाईनं खुरं मोजतो. तीन. कागदावर तीन.

हा कागद पुण्यात राहणार नाही. मॅलेटसोबत तो विलायतेला जाईल आणि शेवटी अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात विसावेल. याच टेकडीच्या सावलीत १९५३ साली पेशवे पार्क होईल, मग फुलराणी ही छोटी आगगाडी धावेल, लाखो पोरं वाघ-माकडं बघायला येतील, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना कुणी सांगेल की त्यांच्या आधी इथं एकानं बैठक मारून गेंडा नीट पाहिला होता. पुणं स्वतःच्या कौतुकात कमी पडत नाही, पण नेमकं कशाचं करायचं ते पुष्कळदा चुकतं.

उन्हं कलली आहेत. राखणदार सांगतो की श्रीमंत परवा येणार, तेव्हा थांबा, दर्शन होईल. नको म्हणा. सोळा वर्षांच्या त्या मुलाला बघून तुम्हाला त्याच्या मृत्यूचं १७९५ साल आठवेल आणि चेहऱ्यावर दिसेल. राखणदाराला दोन शिवराया द्या, एक उसासाठी, एक त्याच्यासाठी. तो दोन्ही उसासाठी म्हणूनच घेईल.

आणि पाय उचला. शहरावर घाशीराम कोतवालाची नजर आहे. त्याच्या अंताला अजून नऊ-दहा महिने आहेत, पण ते त्याला ठाऊक नाही. रात्रीच्या तोफेनंतर रस्त्यात सापडलात तर चौकीवर न्यायचे, आणि आपण गेंडा बघायला आलो होतो, एवढं एकच खरं उत्तर तुमच्यापाशी आहे. त्यावर कोतवालीतलं कुणीही विश्वास ठेवणार नाही.