शब्द आणि सातबारा

गोंदियालगतचे नागरा हे गाव प्राचीन शिवमंदिरामुळे सर्वांस परिचित आहे. परंतु या धानाच्या मुलखाचा आणखी एक इतिहास आहे आणि तो बांध्यांच्या धुऱ्यांवर घडला. ज्या घरी पुत्र नसे, तेथे घरजावई आणीत. "तू राब, पुढे ही बांधी तुझीच," या शब्दावर माणसे आयुष्य वेचीत. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात गोंडांच्या 'लमसेना' प्रथेची नोंद आहे. तरुणाने भावी सासऱ्याकडे काही वर्षे राबावे आणि त्या बदल्यात मुलगी पत्नी म्हणून मिळवावी, अशी ती रीत. वाचकांस उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब आठवेल. सात वर्षांचा करार लाबानाने चौदांवर नेला. याकोबाजवळ तरी कोणता कागद होता?

कायद्याने मात्र कागदच मागितला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार जमिनीचे बक्षीसपत्र नोंदवलेले आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचे हवे. ३१ मार्च १९५१ रोजी येथील मालगुजारी संपली, कसणाऱ्यांच्या हाती हक्क आले. तोंडी वचन तेथेच राहिले. फेरफारावर नाव चढले की जमीन आपली झाली, हाही भ्रमच. ती नोंद साऱ्यापुरती असते, तिने मालकी मिळत नाही.

इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात डेव्हिड थॉर्नर याने नात्यातील पीटर थॉर्नर याच्या शेतावर सुमारे ३० वर्षे विनावेतन काम केले. पीटर २००५ साली मृत्युपत्राविना वारला. स्पष्ट वचन असे नव्हतेच. होते ते सूचक बोलणे. तरीही २००९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने शेत डेव्हिडला दिले. आपल्याकडे असाच निकाल लागेल, या भरवशावर कोणी राहू नये.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले सर्व मुलांना समान. पुत्र व कन्या असा भेद नाही. हे न्याय्यच म्हटले पाहिजे. पण जन्माने मिळणारा वडिलोपार्जित हिस्सा या कायद्यात नाही. वडील सारी जमीन मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल, तर घरी राहून शेत कसणारा आणि शहरात नोकरी करणारा यांचे वाटे सारखेच पडतात. बहुतेक तंटे येथेच पेटतात.

सर्वांत उपेक्षित आहे ती विधवा सून. हिंदू वारसा कायद्याने, १९५६ पासून, ती सासऱ्याची वारस ठरते. आपल्या कायद्यात तिची मुले वारस, ती नव्हे. मूल नसेल तर वीस रोवण्या केलेल्या शेतात तिचा धुराभरही वाटा नाही. सासऱ्याने दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र केले, तरच तिला जमीन मिळते. त्या साक्षीदारांत ती स्वतः मात्र नसावी, नपेक्षा तिला दिलेले तेवढे रद्द होते.